लसूणघासाचं बी, आरएल-८८: पंधरा कापण्या झाल्यावर लिहितेय

बी विकत आणलं त्याच दिवशी पाच तारे देणाऱ्यांचं मला लई नवल वाटतं. पिशवी छान, घरपोच वेळेत, दुकानदार बोलायला चांगला. अहो, बी आहे ते. उगवलं का, कापलं का, जनावरानं तोंड लावलं का, ते सांगा की! म्हणून मी थांबले. २०२४ च्या वसुबारसेला पेरलेला लसूणघास, म्हणजे जनावरांचा हा हिरवा चारा, आज दीड वर्षाचा झालाय आणि पंधरावी कापणी चालू आहे. आता लिहायला हरकत नाही.

आम्ही दक्षिण सोलापूर तालुक्यातले, मंद्रूपच्या पलीकडचे. रान सहा एकर, त्यातलं चार एकर ज्वारीचं कोरडवाहू, दोन एकर विहिरीखाली. मालक टेम्पोवर असतात, म्हणजे रान आणि गोठा माझ्याकडे. चार संकरित गाई, त्यातल्या तीन दुधात, एक पंढरपुरी म्हैस आणि दोन कालवडी. वैरणीत कडबा घरचा, मका विकतची, आणि पेंडीचं पोतं दर चौथ्या दिवशी. ते पोतं थोडं लांबावं म्हणून घास करायचा होता. बाकी काही मोठा विचार नव्हता.

आधी एकदा करून फसलेली आहे, ते सांगितल्याशिवाय या बियाण्याचं मोल कळणार नाही. २०२१ ला सुट्टं बी घेतलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही, पोत्यातून मापानं काढून कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं. किलोमागं दोनशे रुपये स्वस्त. उगवण झकास झाली, पहिल्या दोन कापण्याही झकास. तिसऱ्या वेळेला रानात गेले तर एका कोपऱ्यात घासावर कुणीतरी पिवळ्या शेवया वाळत घातल्यात असं दिसलं. हात लावला तर तुटेनात, घासाला वेटोळे घालून बसलेल्या. अमरवेल! तिला पान नाही, जमिनीत मूळ नाही. घासाच्या देठात शिरून त्याचाच रस पिते. मी आपली वरवर ओढून काढली, राहिलेली घासाबरोबर कापून गाईंना घातली. तीच चूक. तुटलेला तुकडा दुसऱ्या झाडावर पडला की तिथं धरतो, आणि बी गाईच्या पोटातून शेणात, शेणातून उकिरड्यात, उकिरड्यातून पुन्हा रानात. सहा महिन्यांत सगळा घास नांगरून टाकावा लागला. त्या तुकड्यात तेव्हापासून ज्वारीच करते, कारण ज्वारीला अमरवेल धरत नाही. बी मात्र मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून तिथं घासाचं नावही काढत नाही.

तर या वेळेला दुसरं रान आणि पिशवीबंद बी. सोलापुरात मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानातून आरएल-८८ च्या एक-एक किलोच्या पाच पिशव्या घेतल्या, ६२० रुपयांनी एक. हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापायचा. दुसरा आनंद-२ होता, गुजरातचा. तोही चांगला म्हणतात. मी राहुरीचा घेतला, कारण आमच्या शेजारच्या वस्तीवर तो उन्हाळा काढताना डोळ्यानं पाहिला होता.

दुकानदाराला मी पाचपैकी तीनच देते. एक तर तो म्हणाला, "अक्का, घास घाला, फॅट कशी वाढती बघा." दुधाच्या फॅटवर पुढं बोलते. दुसरं, पक्की पावती मागितली तर वहीचं पान फाडून द्यायला लागला. मी हटून बसले, तेव्हा लॉट नंबर टाकलेली पावती मिळाली. उद्या बी उगवलं नाही तर कृषी अधिकाऱ्यापुढं वहीचं पान घेऊन जायचं का? आणि तिसरं, रायझोबियम, म्हणजे बियाला चोळायचे जीवाणू, मागितलं तर हरभऱ्याचं पाकीट पुढं सरकवलं. म्हणाला सगळ्या डाळींना एकच चालतं. नाही चालत. घासाच्या मुळावर गाठी करणारा जीवाणू वेगळा असतो, हरभऱ्याचा वेगळा, भुईमुगाचा वेगळा. हे मला आमच्या कृषी सहायकांनी दोनदा बजावून सांगितलं होतं. दोन दुकानं आणखी फिरले, तिसऱ्यात लसूणघासाचं लिहिलेलं पाकीट मिळालं. तारीख बघून घेतलं. जुन्या पाकिटात जीवाणू मेलेले असतात, नुसता काळा भुगा उरतो.

पिशवीच्या चिठ्ठीचाही रंग बघा. निळी चिठ्ठी म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेनं तपासलेलं प्रमाणित बी. हिरवी म्हणजे सत्यप्रत, विकणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं. माझ्या पिशव्या हिरव्या चिठ्ठीच्या होत्या. निळ्या मिळाल्या असत्या तर त्याच घेतल्या असत्या, पण त्या दिवशी कुणाकडंच नव्हत्या. हिरवी चिठ्ठी वाईट असते असं नाही. तपासायचं काम मात्र आपल्या गळ्यात येतं.

ते मी केलं. पाचही पिशव्यांतून चिमूट-चिमूट बी पांढऱ्या ताटात पसरलं आणि मामंजींचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन दुपारभर बसले. घासाचं ताजं बी फिकट हळदीच्या रंगाचं, जरा हिरवट झाक असलेलं, तुकतुकीत आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. जुनं झालं की तांबूस-तपकिरी पडतं. अमरवेलीचं बी त्याच्याहून थोडं लहान, गोलसर, मळकट, खरखरीत. पाच पिशव्यांत थोडा काडीकचरा आणि बारीक खडे निघाले. खरखरीत गोल दाणा एकही नाही. तांबडे दाणे शंभरात तीन-चार. नंतर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी ८३ उगवले होते, ९ जसेच्या तसे टणक राहिले, ८ कुजले. चिठ्ठीवर ८० टक्के लिहिलं होतं. म्हणजे पिशवीनं शब्द पाळला. बियाण्याला साडेचार तारे इथंच नक्की झाले. अर्धा का कापला? पिशवीवर पेरणीची माहिती अशी की 'मशागत करून पेरावे'. बस. घासाचा सगळा खेळ त्या तीन शब्दांत आहे आणि कंपनीनं तो तिथंच गुंडाळून ठेवलाय.

म्हणून मशागतीचं मी जरा लांबवून सांगते. ज्यांना नुसतं बी कसं आहे एवढंच हवंय त्यांनी खाली जावं.

घासाच्या एका ग्रॅममध्ये चारशे-पाचशे दाणे बसतात. पाच किलो म्हणजे वीस-पंचवीस लाख दाणे. प्रत्येकाच्या पोटात शिदोरी एवढीशी. नखाएवढं खोल पडलं तर वर येतं, दोन बोटं खाली गेलं की मातीतच मरतं. आपलं सोलापूरचं काळं रान म्हणजे एक तर ढेकळं नाहीतर चिखल, मधलं काही नाही. त्यात हे बी रुजवायचं.

२० गुंठ्यांचा तुकडा निवडला, त्यात उडीद होता. उडीद सप्टेंबरात निघाला. नांगरट केली आणि परतीच्या पावसाची वाट बघत ढेकळं तशीच सोडली. पावसानं ढेकूळ जसं विरघळतं तसं कुठल्या यंत्रानं विरघळत नाही. उकिरड्याचं शेणखत टाकायचं नाही हे आधीच ठरलेलं, अमरवेलीच्या धाकानं. वाटेनं चाललेल्या धनगरांची मेंढरं दोन रात्री बसवली. दोन हजार रुपये आणि एक पायली ज्वारी. मग कुळवाच्या दोन पाळ्या, आणि सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन बॅगा, थोडं पोटॅश, आणि युरिया अगदी दहा किलो. घास डाळवर्गातला, एकदा मुळावर गाठी आल्या की नत्र स्वतःचं स्वतः कमावतो. त्याला भूक असते स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग आले आमचे भाऊजी रोटाव्हेटर घेऊन.

मी सांगितलं होतं, एकच पाळी, तीही हलकी. मी भाकरी आणायला घरी गेले तेवढ्यात त्यांनी अडीच पाळ्या मारल्या. वर म्हणतात, "वहिनी, रान कसं रव्यासारखं केलंय बघा!" रवाच केला होता. पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत. अशा रानात बी टाकलं की पहिल्या पाण्याला माती खाली बसते आणि बी तिच्याबरोबर कुठं जातं ते देवाला ठाऊक. भाऊजींनी तासाचे पैसे घेतले, वाढीव पाळ्यांसकट. घरचा माणूस म्हणून तारे देत नाही.

मग काय, दहा दिवस गेले रान बसवण्यात. हलकं पाणी दिलं, माती ना चिखल ना कोरडी असा वाफसा आल्यावर फळी मारली. फळीवर मी आणि जाऊबाई उभ्या, पुढं मागून आणलेले बैल. दोन वेळा मारली. माझी कसोटी साधी आहे: अनवाणी चालायचं, टाचेचा नुसता ठसा उमटला पाहिजे, टाच रुतली नाही पाहिजे. वरचा बोटभर थर भुसभुशीत आणि त्याखाली घट्ट, असं रान घासाला लागतं. कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. ट्रॅक्टरवाल्यांना सांगून सांगून तोंड दुखतं.

सारे, म्हणजे पाणी द्यायचे लांब वाफे, पाडले अठ्ठावीस. नऊ फूट रुंद, ७५ फूट लांब. अठ्ठावीसच का? रोज एक सारा कापायचा. शेवटचा कापून होतो तोवर पहिला अठ्ठावीस दिवसांचा होऊन पुन्हा कापायला आलेला असतो. हे गणित माझ्या आईचं, ती तीस करायची. सपाटीसाठी गावातल्या गवंड्याकडून त्याची पाण्याची नळी मागून आणली, तीच पारदर्शक, दोन टोकांना पाणी सारखं दिसतं ती. साऱ्याची रुंदी अगदी समतल, लांबीत पुढून मागं अडीच-तीन इंच उतार. गवंडी हसला, म्हणाला, अक्का, घासाला फरशी बसवता का. हसू दे. पाणी एका अंगाला गेलं की दुसऱ्या अंगाचा घास उपाशी, हे त्याला काय माहीत.

खालच्या अंगाचे चार सारे मात्र हवे तसे झाले नाहीत. तिथं रानालाच खळगा आहे. आणखी एक दिवस ट्रॅक्टर लावून माती ओढायला हवी होती. पैसे वाचवले. ते पुढं भोवलं.

पेरणी दसऱ्याच्या आसपास करायची ठरवली होती. रान बसवण्यात उशीर झाला आणि नेमकी वसुबारस आली. सकाळी गाय-वासराला ओवाळलं आणि तसंच रानात गेले. आदल्या दिवशी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर आलेलं पोचट आणि काडीकचरा काढला होता, दहा लिटरला एक किलो मीठ. मग तीन वेळा गोड्या पाण्यानं धुतलं. मीठ राहिलं तर जीवाणू मरतात. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलं, त्यात रायझोबियम कालवून बियाला चोळलं, सावलीत पोत्यावर सुकवलं. दहा किलोला २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं. माझं बी पाचच किलो, पण अर्धं पाकीट ठेवून करायचं काय म्हणून सगळं लावलं.

पेरताना बियात चौपट चाळलेली माती मिसळली. नाहीतर मुठीतून किती पडतंय कळतच नाही, आणि पाच किलो बी पहिल्या दहा साऱ्यांतच संपतं. दाताळ्यानं फुटाफुटावर रेघा ओढायच्या, रेघेत चिमटीनं बी सोडत जायचं आणि बाभळीची फांदी हलकी फिरवायची. आम्ही चौघी होतो, दोन दिवस लागले. सासूबाईंना हे काही पटलं नाही. "आमच्या वेळेला फोकून पेरायचो, घास येत नव्हता का?" म्हणून दोन सारे त्यांना दिले, त्यांनी फोकून, म्हणजे मुठीनं विखरून, पेरले. पहिल्या महिन्यात त्यांचेच सारे जास्त हिरवे दिसत होते आणि त्यांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलेही. मग खुरपणीची वेळ आली. रेघांमधून खुरपं सरळ जातं. फोकलेल्यात बाईला घास कुठला नि तण कुठलं हे बघत बघत बसावं लागलं, दोन साऱ्यांना अर्धा दिवस गेला. आता दीड वर्षानंतर ओळीतले ठोंब जास्त जाड झालेत. सासूबाई म्हणतात, माती वेगळी आहे तिथली.

पहिल्या पाण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. बॅटरी धरून मी आणि मालक दारं धरायला, म्हणजे पाणी एका साऱ्यातून दुसऱ्यात वळवायला. साऱ्याच्या तोंडाशी पोतं अंथरलं होतं, पाणी त्यावरून झिरपत जावं, बी उचलून नेऊ नये म्हणून. अकराव्या साऱ्याला मालकांना डुलकी लागली, पोतं सरकलं आणि पाणी धो-धो आत. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळीकडं दोन-दोन पानं दिसली आणि अकराव्यात पुढं उजाड, शेवटच्या टोकाला मेथीची पेंडी लावल्यासारखा गच्च पुंजका. तो सारा आम्ही अजून 'मालकांचा' म्हणतो.

चाळीस दिवसांनी एक रोप मुळासकट उपटून पाहिलं. बारीक गाठी होत्या, नखानं फोडल्या तर आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी किंवा हिरवट असती तर पाकीट वाया गेलं म्हणायचं.

पहिली कापणी वेळ अमावस्येच्या सणाच्या आदल्या दिवशी, ६२ दिवसांनी. दुसऱ्या दिवशी रानात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, सगळे पाहुणे जमलेले. सोलापूरहून आलेला भाचा घास बघून म्हणाला, मामी, मेथी एवढी का लावली? आणि पिशवीभर घेऊनही गेला. भाजी केली म्हणे. कुणाला काही झालं नाही.

कापायचं कसं, हे कामाला येणाऱ्या बाईला पहिल्या दिवशीच दाखवा. जमिनीपासून तीन-चार बोटं ठेवून. अगदी मातीलगत विळा फिरवला तर नवे कोंब फुटतात तो गड्डाच कापला जातो. आणि पुढच्या कापण्यांना एखाद-दुसरं जांभळं फूल दिसलं की थांबायचं नाही. पूर्ण फुलल्यावर देठ दोरीसारखा होतो, गाई पानं खाऊन काड्या गव्हाणीत ठेवतात.

उत्पन्न? एका साऱ्यातून रोज ५० ते ६० किलो. थंडीत ४० वर येतो, कारण थंडीत वाढ मंदावते आणि चक्र अठ्ठावीसवरून पस्तीस दिवसांवर जातं. दुधातल्या तीन गाईंना अकरा-बारा किलो प्रत्येकी, उरलेलं म्हैस, भाकड गाय आणि कालवडींना. आधी दुधातल्या गाईला रोज चार किलो पेंड होती, आता अडीच. चार दिवसांत संपणारं ५० किलोचं पोतं आता साडेसहा दिवस जातं. घासात वाळल्या वजनावर १८ ते २० टक्के प्रथिनं असतात, तीच पेंडीची जागा घेतात. दूध तेवढंच राहिलं, एका गाईचं लिटरभर वाढलं.

आणि फॅट? डेअरीच्या पावत्या मी खिळ्याला अडकवून ठेवते. घासाआधी ३.७, ३.८. घासानंतर ३.७, ३.८. दुकानदाराला सांगा कुणीतरी. उलट पहिल्या आठवड्यात मी हौसेनं घासच जास्त आणि कडबा कमी घातला तेव्हा ३.५ वर आली होती. फॅटला कडबा लागतो. घासानं पेंड वाचते, एवढंच म्हणा, तेवढंही पुष्कळ आहे.

एक गोष्ट मात्र ठळक करून सांगते, कारण गाय जाते यात. दवानं ओला, नुसता घास उपाशी जनावरापुढं टाकू नका. फेब्रुवारीत एका सकाळी जाऊबाईंच्या मुलानं तेच केलं. तासाभरात गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली, ती उठ-बस करायला लागली. पाव लिटर गोडं तेल सावकाश पाजलं, पुढचे पाय उंचावर घेऊन उभी केली, तोवर डॉक्टर आले आणि वाचली. आता मी संध्याकाळी कापते, रात्रभर पसरून सुकत ठेवते, सकाळी कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालते. आधी कडबा, मग घास. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय.

मार्चमध्ये थोडा जास्त झाला तेव्हा वाळवून ठेवायचा प्रयत्न केला. उन्हात टाकला तर दुपारी पानं कडकडीत होऊन गळाली, हातात काड्या राहिल्या. प्रथिनं बहुतेक पानातच, मग वाळवून मिळालं काय? दुसऱ्या वेळेला शेडमध्ये सावलीत पातळ पसरला, सकाळी थोडी ओल असतानाच उलटवला. तो हिरवा राहिला, वासही छान. पण शेड गेली आठ दिवस अडकून. आपल्याकडं रोज ताजा कापणंच परवडतं.

माव्याची कीड फेब्रुवारीत आली. फवारलं काही नाही. जनावराच्या तोंडात जाणारी वैरण, ती कशी फवारायची? ते सारे चार-पाच दिवस आधी कापून घेतले, नवा फुटवा स्वच्छ आला. उन्हाळ्यात पाणी आठ-दहा दिवसांनी, थंडीत पंधरा. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात जरा मचूळ होतं. लहान रोपाला ते बाधलं असतं, पण तोवर मुळं खोल गेली होती. ४२-४३ अंशांत मका माना टाकत होता आणि घास सकाळी परत उभा. या वाणाला अर्धा तारा परत द्यावा का, असा मोह तेव्हा झाला होता.

खर्चाचं कुणीतरी विचारणारच. बी ३,१००, नांगरट-रोटा ३,४००, मेंढरं २,०००, खत नि रायझोबियम मिळून १,३००, खुरपणीच्या बाया ३,६००. एकूण १३,४००. घरच्या बायकांची पेरणी, मागून आणलेले बैल आणि रात्रीची जागरणं धरलेली नाहीत.

२०२५ चा सप्टेंबर कुणी विसरणार नाही. सीनेला पूर आला, नदीकाठच्या लोकांची रानंच्या रानं वाहून गेली. आमच्याकडं नदी आली नाही, पण पाऊस असा की खालचे चार सारे बारा दिवस तळ्यासारखे. घासाला सगळं चालतं, मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. पाणी ओसरलं तर पानं पिवळी, ठोंब ओढला की अलगद हातात, मूळ काळं कुजकं, घाण वास. चारही सारे गेले. वरचे चोवीस तसेच उभे. यात बियाण्याचा काही दोष नाही. नळी लावली तेव्हाच मला तो खळगा दिसला होता.

मी तिथं उरलेलं पावशेर बी पुन्हा टाकून पाहिलं, नोव्हेंबरात. उगवलं, बोटभर झालं आणि तिथंच खुरटलं. कृषी सहायक म्हणाले, जुना घास जमिनीत असं काही सोडतो की त्याच जागी नवा घास लगेच जोम धरत नाही. वर्षभर दुसरं पीक घ्या, मग बघू. तर आता त्या चार साऱ्यांत कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, टाकलंय, आणि चोवीस साऱ्यांवर अठ्ठावीस दिवस कसे भागवायचे ते रोज सकाळी मोजतेय. या आठवड्यात लाइट परत रात्रीची आहे. दारं मीच धरणार, मालकांना झोपू दे.